खालून गरम न होणारा लॅपटॉप

सुनेच्या लॅपटॉपमधून मुंग्या बाहेर यायला लागल्या तेव्हा तिची मीटिंग चालू होती. पडद्यावर अंधेरीच्या ऑफिसातली माणसं आपापल्या चौकोनात बसली होती आणि साहेब मधल्या चौकोनात होते. सगळ्यांसमोर एकच तक्ता उघडलेला होता. उद्या कुठला ट्रक कुठला माल घेऊन कुठे जाणार, याचा तो तक्ता. तो करणं हेच सुनेचं काम. आणि तो तक्ता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खालून वर खोडला जात होता. आधी नाशिकचे ट्रक गेले, मग पुण्याचे गेले, मग सुरतेच्या ट्रकांना सुरुवात झाली.

साहेब विचारत होते की कोण खोडतंय. प्रत्येक चौकोन म्हणत होता, मी नाही. सून एका बटणाखाली नख घालून ते उचकटत होती. खोडायचं बटण ते. एकदा खाली गेलेलं ते वरच येईना, कारण ते चिकटलं होतं. तिच्या बोटांवरून मुंग्या मनगटापर्यंत पोचल्या होत्या. तिने न वळता फडकं मागितलं. आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, एवढा तत्पर मी लग्नापासून बघितला नव्हता. मोरीवरचं ओलं फडकं घेऊन तो धावत आला आणि ते त्याने सरळ बटणांवर पिळलं म्हणा ना. पडदा एकदा निळा झाला, मग काळा झाला आणि काळाच राहिला. सुरतेचे किती ट्रक वाचले ते आम्हाला कळलंही नाही.

सून लॅपटॉपकडे बघत राहिली. मग तिने एक बोट बटणावरून फिरवलं आणि हुंगलं.

"बाबा," ती म्हणाली, "याला चिकूचा वास येतोय."

म्हाताऱ्याने आढ्याकडे बघितलं. आढ्यात बघण्यासारखं काही नाही, पत्रे आहेत.

आता हे कसं झालं ते सांगते. आमची चिकूची वाडी आहे, डहाणूला, कोसबाडच्या रस्त्याला. चिकू झाडावर पिकत नाही. तो दगडासारखा असतानाच काढायचा, चीक धुवायचा आणि पेंढ्यात घालून, वर गोणपाट टाकून पिकवायचा. थंडीत त्याला वेळ लागतो. व्यापाऱ्याला कडक मालच लागतो, तेव्हा धंद्याला काही अडचण नाही. अडचण आहे ती नणंदेची. नणंद वरोरला दिली आहे. आमच्याकडे रीत अशी की बहिणीच्या घरी कच्चा चिकू पाठवायचा नाही. टोपली उघडली की त्याच दिवशी खाता आला पाहिजे. कच्चा गेला तर बहीण काही बोलत नाही, पण तिच्या सासरचे बोलतात, आणि ते ती भावाला कळवते. म्हाताऱ्याची वाडी लहान, पण या बाबतीत त्याचा अभिमान फार मोठा. बहिणीच्या टोपलीत कच्चा चिकू निघाला नाही म्हणजे नाही.

या थंडीत नणंदेकडे पाहुणे सारखे येत होते आणि टोपल्या सारख्या जात होत्या. पेंढ्यातला माल पुरेना. तेव्हा म्हाताऱ्याने घरातली सगळ्यात गरम वस्तू शोधून काढली. सुनेचा लॅपटॉप जुना झाला होता आणि चालू ठेवला की भाकरीच्या तव्यासारखा तापायचा. सून माझ्या मुलाबरोबर बाहेर गेली, मी जरा आडवी झाले, की हा गडी लॅपटॉप उघडून पलंगावर सपाट ठेवायचा, बटणांवर चिकू मांडायचा, वर गोणपाट आणि त्यावर माझी गोधडी. लॅपटॉपला म्हणे थोडा वेळ हात लावला नाही की झोप लागते. पण चिकूंच्या वजनाने बटणं दाबलेली राहायची, त्यामुळे त्याला झोपच येत नव्हती. म्हातारा हे सांगताना अजूनही थोडा खूश होतो. सून यायच्या आत सगळं उचलून, आपल्या पंच्याने बटणं पुसून, तो ओट्यावर येऊन बसायचा. माझ्या गोधडीला चिकूचा वास का मारतो असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, वाडीचा वारा आहे.

एखादा चिकू जास्त पिकला की फुटणारच. त्याचा रस आत गेला. त्या वासाने मुंग्या आत गेल्या. बाकीचं वर सांगितलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सून वाडीत जाऊन बोलली. आमच्याकडे नेटवर्क घरात नीट येत नाही, पंपाच्या खोलीपाशी येतं. महत्त्वाचं काम असलं की ती तिथेच खुर्ची टाकून बसते. परत आली तेव्हा तिने सरळ स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं. तक्ता त्यांनी कुठूनतरी परत मिळवला होता, पण अर्धा दिवस सगळे ड्रायव्हर फोन करत होते. साहेबांचं म्हणणं असं की सोमवारी दहा वाजता एकतर धड लॅपटॉप घेऊन मीटिंगला बस, नाहीतर तू स्वतः ऑफिसात ये. आणि एकदा आलीस की मग रोजच यायचं.

डहाणूहून रोज अंधेरीला जाणारे आहेत, नाही असं नाही. पण तिचं काम रात्री उशिरा संपतं. म्हणजे तिथे खोली घ्यावी लागणार. माझा मुलगा तलासरीच्या शाळेत मास्तर आहे, तो काही शाळा घेऊन अंधेरीला जाणार नाही. लग्नानंतर भांडून तिने घरून काम मिळवलं होतं, आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांच्या ते डोळ्यात खुपत होतं. ती म्हणाली, खोली घेतली तर संसार मोडतो आणि नाही घेतली तर नोकरी मोडते. दोन महिन्यांत मीच सोडून देईन, आई.

रडली नाही. रडली असती तर मला काय करावं ते कळलं नसतं. मी तिला पोळ्या लाटायला दिल्या.

तिची नोकरी टिकावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यात माझा स्वार्थ होता. ती हुशार बाई आहे. हुशार बाई दिवसभर घरात मोकळी बसली तर स्वयंपाकघरात शिरणार आणि डबे हलवणार. शिवाय ऑफिसात ती कोणाकोणाला झाडते ते मी पंपापाशी उभी राहून ऐकलंय. मराठीत झाडते, हिंदीत झाडते, एका ट्रकवाल्याला तर गुजरातीत झाडलं होतं. मला ते ऐकायला आवडतं. घरात मात्र म्हाताऱ्यासमोर तिच्या तोंडून "तुम्ही म्हणाल तसं, बाबा" याशिवाय काही निघत नाही. तिच्या माहेरी, कासा गावात, तिला तसंच शिकवलंय. त्याची फळं आम्ही पुढे भोगली.

नवा लॅपटॉप घ्यायचा हे नक्की झालं. कुठला, हे ठरवताना घराची शाळा झाली.

मुलाने मोबाईलवर व्हिडिओ लावले. त्यात एक माणूस खोकं कापतो, आतून लॅपटॉप काढतो आणि एवढा हरखतो की जणू बायको बाळंत झाली. मग तो लॅपटॉपला सगळ्या बाजूंनी दाखवतो आणि सांगतो की हा घ्या, पण दुसराही बरा आहे, आणि तिसऱ्याचा विचार करा. एक व्हिडिओ संपला की मुलगा म्हणायचा, ठरलं. दुसरा संपला की परत म्हणायचा, ठरलं. मी विचारलं की यांच्यात फरक काय. मास्तर असल्यामुळे त्याला समजावून सांगायचा रोग आहे. म्हणाला, आई, रॅम म्हणजे आपला ओटा. ओटा मोठा असला की एका वेळी जास्त क्रेट मांडता येतात. हार्ड डिस्क म्हणजे मागची खोली, तिथे माल साठवायचा. आणि प्रोसेसर म्हणजे माल निवडणारी बाई, ती चटपटीत पाहिजे. मी म्हटलं, मग निवडणारी बाई चांगली असेल तर ओटा लहान असला तरी चालतं. तो म्हणाला, तसं नसतं. मी म्हटलं, मग उदाहरण कशाला दिलंस.

प्रकार तरी किती. एक मागे वळून पूर्ण दुमडणारा. तो म्हाताऱ्याने ऐकताक्षणी बाद केला. जी वस्तू उलटी दुमडते तिची बिजागरी जाते, मग ती खुर्ची असो नाहीतर माणूस. एक पडद्याला बोट लावून चालणारा. सुनेची बोटं कामात असतात पण मुलाची पापडाच्या तेलाची असतात, म्हणून तो मी बाद केला. एक अगदी पातळ, ज्यात म्हणे पंखाच नसतो. आणि एक खेळ खेळणाऱ्यांचा, काळा, जाड, बटणांखाली लाल दिवे असलेला. त्याचं चित्र आलं की मुलगा व्हिडिओ थांबवायचा. एकदाच घ्यायचा तर दमदार घ्यावा, असं तो सुनेला सांगत होता. ट्रकांच्या तक्त्याला लाल दिवे कशाला लागतात असं तिने एकदा हळूच विचारलं. तो म्हणाला, अंधारात बटणं दिसतात. ती बटणांकडे न बघता लिहिते हे त्याला लग्नाला इतका काळ होऊनही माहीत नव्हतं.

आणि मग म्हाताऱ्याने त्याची बाजू घेतली. यात मला वास आला. बापलेकांचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही, मुलाच्या स्वतःच्या नावावरसुद्धा नाही. पण म्हातारा चष्मा लावून पुढे सरकला आणि व्हिडिओतल्या माणसाचं बोलणं लक्ष देऊन ऐकायला लागला. तो माणूस सांगत होता की या लॅपटॉपचा एकच दोष आहे, तो फार तापतो.

"गरम होतो म्हणजे ताकदवान असणार," म्हातारा म्हणाला. "थंड इंजिन कधी बघितलंय का?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने चष्मा पुसायला घेतला.

सून काय म्हणाली? तुम्ही म्हणाल तसं, बाबा.

म्हणून शनिवारी तलासरीला निघालो तेव्हा मी कोणी न बोलावता गाडीत पुढे जाऊन बसले. मुलगा म्हणाला, आई, तुझं काय काम. मी म्हटलं, मी चौथी शिकलेय, मला लॅपटॉप कळत नाही, पण मला तुझा बाप कळतो.

तलासरीतलं ते दुकान आमच्या ओळखीचं. मालक गुजराती आहे, मिक्सर, पंखे, मोबाईल, सगळं ठेवतो, आणि वरच्या फळीवर लॅपटॉप. माझा मिक्सर तिथलाच. तो बिघडला तेव्हा मी दुकानात बसून राहिले होते, म्हणून त्याने मला लगेच ओळखलं आणि खुर्ची दिली. म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे चिकूंची पिशवी त्याच्यासमोर ठेवली. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुठे जात नाहीत, डॉक्टरकडेसुद्धा. पिशवीतले वरचे पिकलेले होते आणि खालचे कडक. कडक कशाला आणले हे मला तेव्हा कळलं नाही.

सुनेने तिला काय हवंय ते सांगितलं, तेही असं की जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतेय. वीज जाते, म्हणून बॅटरी जास्त चालणारी पाहिजे. वाडीत पंपाच्या खोलीपाशी बसावं लागतं, म्हणून उजेडात पडदा दिसला पाहिजे. मालकाने मान डोलावली आणि विचारलं, बेन, अजून काही. तिने सासऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बाकी बाबा सांगतील.

मुलाने लाल दिव्यांचा मागितला. मालकाने तो काढला, आणि त्याच्या बाजूला तो पातळ, बिनपंख्याचा ठेवला, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी एक साधा राखाडीही ठेवला. तिन्ही सुरू केले. मी म्हटलं की मला एवढंच बघायचंय की खालून कुठला किती तापतो. जो सगळ्यात थंड तो घ्यायचा. मालकाला वाटलं, मांडीवर घेऊन बसताना चटका बसेल म्हणून मी विचारतेय. त्याने समजूत काढली, माजी, टेबलवर राखो. मी म्हटलं, टेबलाचा प्रश्न नाही, यांचा प्रश्न आहे. आणि मी म्हाताऱ्याकडे बोट केलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने पिशवीत हात घालून तीन कडक चिकू काढले आणि तिन्ही लॅपटॉपच्या बटणांवर एकेक ठेवला.

 मालकाने तिन्ही चिकू उचलून काउंटरवर ओळीने ठेवले.

"काका, आ लॅपटॉप छे," तो म्हणाला, "तवो नथी."

म्हातारा म्हणाला की फक्त बघतोय. मालकाने विचारलं, काय बघताय. म्हातारा म्हणाला, ऊब. आता दुकानात पंखा घ्यायला आलेलं एक जोडपं होतं, तेही आमच्या बाजूला येऊन उभं राहिलं. त्यांना वाटलं, लॅपटॉपवर काही योजना चालू आहे, चिकू ठेवले की काहीतरी मिळतं.

मग मुलाने मालकाला सांगितलं की तिन्हींवर सिनेमा लावा, जरा चालू दे, म्हणजे खरं तापमान कळेल. शाळेत प्रयोग शिकवायची सवय. मालकाने चहा मागवला, तिन्हींवर एकाच सिनेमातलं भांडण लावलं आणि आम्ही बसलो. लाल दिव्यांच्या लॅपटॉपचा पंखा थोड्या वेळात असा सुरू झाला की मला वाटलं कोणी वाडीत फवारणी करतंय. म्हातारा मधूनमधून उठायचा, तिन्हींखाली हात घालून बघायचा आणि लाल दिव्यांच्यापाशी हात जरा जास्त वेळ ठेवायचा. थंडीत शेकोटीपाशी माणूस बसतो तसा चेहरा करून. मीही उठून हात लावून आले. लाल दिव्यांचा तापला होता, चांगला दोन दिवसांत चिकू पिकवेल एवढा. राखाडी कोमट. पातळ मात्र थंडगार, पितळेच्या भांड्यासारखा.

मी म्हटलं, झालं. पातळ घ्यायचा. यावर चिकू ठेवला तर तो उलट आणखी कडक होईल.

मला वाटलं की मी जिंकले. मालक पातळ खोक्यात घालायला लागला. तेव्हा त्याने सहज सुनेला विचारलं की तुमच्या ऑफिसचं काम कुठल्या प्रोग्रामवर चालतं. तिने नाव सांगितलं. त्याने खोक्यातून लॅपटॉप परत बाहेर काढला. म्हणाला, बेन, ते यावर चालणार नाही, याची आतली व्यवस्थाच वेगळी आहे. सुनेने ऑफिसात फोन करून विचारलं. तिकडूनही तेच सांगितलं. सोमवारी मीटिंगला हा घेऊन बसली असती तर दहा वाजता सगळ्या चौकोनांसमोर नुसतं हसत बसावं लागलं असतं. माझा पातळ गेला. मी चहा संपवला. चूक झाली तर झाली, त्यासाठी मी तोंड लपवत नाही.

म्हाताऱ्याने मात्र ही संधी सोडली नाही. मग लाल दिव्यांचाच, असं म्हणून तो उठलाच. मुलगाही उठला. मालकाने सांगून बघितलं की याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हातारा म्हणाला, वीज काय रोज जाते का. त्या क्षणी दुकानाची वीज गेली नाही, गेली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, उजेडात तरी बघा. मी स्वतः ते धूड उचलून रस्त्यावर उन्हात नेलं. पडदा उघडला तर आत मला माझंच तोंड दिसलं. ते मला रोज फुकट दिसतं. म्हातारा म्हणाला, सावली करून बसायचं, वर गोणपाट घ्यायचं डोक्यावर. गोणपाट म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं ते सांगायला नको.

सून आत उभी होती. तिची नोकरी, तिचे पैसे, तिचा सोमवार, आणि बोलत होतो आम्ही तिघं. मी आत गेले आणि राखाडी तिच्या हातात दिला. म्हटलं, बाहेर जा आणि बघ, आणि यावेळी बाबांकडे बघू नकोस, याच्याकडे बघ.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. भर दुपारचं ऊन, समोरून गाड्या चाललेल्या. तिने पडदा उघडला आणि लिहायला लागली. मला वाचता आलं तेवढं मी वाचलं. सुरतेचे ट्रक लिहीत होती, गुरुवारी खोडले गेलेले तेच, आठवणीने. बोटं अशी चालली होती की बटणं नुसती टपटप वाजत होती. एकदाही हाताकडे बघितलं नाही. मग हात थांबवून ती नुसती बघत बसली. तो पडदा काही चकचकीत नव्हता, पण त्यावरचं अक्षर न अक्षर दिसत होतं. ती म्हणाली, हा.

म्हातारा मागून आला, वाकला आणि लॅपटॉपखाली हात घातला. थोडा वेळ त्याचा चेहरा पडलेला होता, मग हळूहळू फुलला.

"हासुद्धा जरा गरम होतो की," तो म्हणाला. "वेळ लागेल, पण होईल."

सुनेने लॅपटॉप मिटला. मग ती उठून उभी राहिली. मी पंपापाशी ऐकते तो आवाज लागला, ट्रकवाल्यांना झाडतानाचा, फक्त हळू.

"बाबा, हा लॅपटॉप माझा आहे," ती म्हणाली. "सोमवारी हा बंद पडला तर मी अंधेरीला जाईन, आणि मग घरी राहायला येणार नाही, पाहुणी म्हणून येईन. आणि यावर मला एक चिकू दिसला, एकच, तर मी वरोरला फोन करीन. आत्यांना सांगीन की या थंडीत त्यांच्या सासरच्यांनी खाल्लेले चिकू पेंढ्यात पिकलेले नव्हते. ते कशावर पिकले आणि आत काय काय चालत होतं तेही सांगीन."

 अंधेरीने म्हाताऱ्याला तेवढं काही झालं नाही, पण वरोरचं नाव निघाल्यावर त्याचा खालचा ओठ हलला. नणंदेने याच महिन्यात फोन करून सांगितलं होतं की दादा, यंदासारखे गोड चिकू कधी आले नव्हते, पाहुणे विचारतात, कुठल्या पेंढ्यात घालता. ते तो अख्ख्या गावाला सांगून आला होता.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे बघितलं.

"मग चिकू कुठे पिकवायचे मी?" त्याने विचारलं. इतक्या गरिबीने त्याने माझा हातसुद्धा कधी मागितला नव्हता.

सून म्हणाली, "पेंढ्यात, बाबा. आणि पाहुण्यांना सांगायचं, थांबा."

मालक पायरीवर उभा राहून हे ऐकत होता. त्याने मला हळूच विचारलं, माजी, जुना लॅपटॉप बदल्यात देताय का, काहीतरी वजा करीन. मी म्हटलं, देते, पण आत काय आहे ते आधी ऐकून घ्या. त्याने ऐकलं आणि म्हणाला, राहू दे. पंखा घ्यायला आलेल्या बाईने निघताना विचारलं की चिकूवर सूट किती मिळाली. मुलाने तिला समजावून सांगायला सुरुवात केली. मी त्याला दंडाला धरून गाडीत बसवला. त्याने वाटेत दोनदा उसासा टाकला. लाल दिव्यांसाठी.

रविवारी सुनेने राखाडीत सगळं भरलं. मधल्या वेळात म्हाताऱ्याने वाडीतल्या मागच्या खोलीत नवा पेंढा पसरला. दुपारी सून त्याला चहा द्यायला तिथे गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत येताना तिच्या हातात दोन पिकलेले चिकू होते, आणि ती ते लॅपटॉपपासून लांब, मोरीपाशी उभी राहून खात होती.

सोमवारी ती पंपाच्या खोलीपाशी बसली. मी कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने जवळच उभी राहिले. म्हातारा नारळाच्या झाडाला टेकून उभा होता, निमित्तसुद्धा न काढता. मुलाला शाळेत जायचं होतं, पण त्याने पहिला तास दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकला होता. दहा वाजता चौकोन उघडले. साहेबांनी आधी विचारलं, मॅडम, आज काही खोडणार का. दोनतीन चौकोन हसले. तिने तक्ता उघडला आणि वाचायला घेतला. नाशिक, पुणे, सुरत. मध्येच वीज गेली, पंप बंद पडला, आणि एकदम इतकं शांत झालं की तिचा आवाज शेवटच्या झाडापर्यंत जात होता. लॅपटॉप चालूच होता. एका ट्रकचा माल चुकून दुसऱ्याच्या नावावर लागला होता, आणि ती चूक ज्या चौकोनाची होती त्याला तिने तिथेच झाडलं. मला बरं वाटलं.

शेवटी साहेब म्हणाले की ठीक आहे, तुम्ही घरूनच करा, ऑफिसात यायची गरज नाही. तिने हो म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि खुर्चीतच बसून राहिली. म्हातारा पुढे आला, लॅपटॉपखाली हात घालू लागला आणि मध्येच थांबून त्याने तो खिशात घातला. मुलगा शाळेला गेला. मी घरात येऊन कढीला फोडणी दिली.